इंग्रजीतले 'जीएच': एका लोपलेल्या ध्वनीची खूण

इंग्रजीत ओ, यू, जी आणि एच ही चार अक्षरे याच क्रमाने लागोपाठ आली, की ती कशी वाचायची हे नुसत्या अक्षरांकडे पाहून ठरवता येत नाही. 'चिवट' या अर्थाच्या शब्दात या चौकडीच्या आधी एकटा टी येतो आणि शब्द 'टफ' असा वाचला जातो. त्याच टीनंतर एच घातला, की 'जरी' या अर्थाचा 'दो' तयार होतो. 'दो'च्या शेवटी आणखी एक टी जोडला, की 'विचार' या अर्थाचा 'थॉट' होतो. 'दो'मध्येच पहिल्या एचनंतर आर घातला, की 'आरपार' या अर्थाचा 'थ्रू' मिळतो, आणि 'थ्रू'मधल्या आरच्या आधी एक ओ घातला, की 'सखोल' या अर्थाचा 'थरा' होतो. खोकल्याचा 'कॉफ', झाडाच्या फांदीचा 'बाउ', उचकीचा 'हिकप' आणि आयर्लंडमधल्या सरोवरांच्या नावांत येणारा 'लॉख़' हे चार शब्दही याच चौकडीने लिहिले जातात. म्हणजे नऊ शब्द, चार अक्षरे तीच, आणि त्यांचे उच्चार नऊ. (हे उच्चार ब्रिटिश इंग्रजीतले आहेत, अमेरिकेत 'थरा'चा 'थरो' होतो आणि गणित थोडे बदलते.) इंग्लंडमधल्या लफबरा या गावाच्या नावात तर ही चौकडी दोनदा येते आणि दोन्ही वेळा वेगळी वाचली जाते.

हे पाहून बहुतेक जण असा निष्कर्ष काढतात, की इंग्रजी लेखनाला नियमच नाही आणि प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करण्याला पर्याय नाही. माझ्या मते हा निष्कर्ष फार थोड्या शब्दांपुरता खरा आहे. या गोंधळाचे मूळ चार अक्षरांत नसून त्यांतल्या शेवटच्या दोन अक्षरांत, म्हणजे जी आणि एच यांच्या जोडीत आहे. ही जोडी एकेकाळी एक अगदी निश्चित ध्वनी दाखवत असे. तो ध्वनी इंग्रजीच्या प्रमाण बोलीतून गेला, पण त्याची खूण लेखनात राहिली. तो ध्वनी कोणता होता, शब्दात कोठे होता आणि त्याच्या आधी कोणता स्वर होता, एवढे कळले, की जीएच असलेल्या बहुतेक शब्दांचा उच्चार आधीच सांगता येतो.

जिभेचा मागचा भाग टाळूच्या जवळ नेला, पण टाळूला टेकवला नाही, आणि उरलेल्या फटीतून हवा घासत सोडली, की जो खरखरीत ध्वनी निघतो तो हा ध्वनी. उर्दूतल्या 'ख़बर' किंवा 'ख़त' या शब्दांच्या आरंभी तो नीट ऐकू येतो, म्हणून या लेखात तो नुक्ता दिलेल्या 'ख़'ने दाखवला आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो फार सामान्य होता. रात्रीला 'निख़्त', उजेडाला 'लिख़्त', मुलीला 'दोख़्तर' आणि आरपार या अर्थाने 'थुर्ख़' असे म्हणत. ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी सहाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये रोमन लिपी रुजवली तेव्हा या ध्वनीसाठी त्या लिपीत स्वतंत्र अक्षर नव्हते, म्हणून लिहिणाऱ्यांनी जवळचे अक्षर म्हणून साधा एच वापरला. त्या काळच्या लेखनात 'निख़्त' हा शब्द एन, आय, एच आणि टी अशा चारच अक्षरांनी लिहिलेला सापडतो, आणि त्यातले प्रत्येक अक्षर उच्चारले जात असे.

हा ध्वनी इंग्रजीच्या सख्ख्या भाषांत आजही जिवंत आहे, त्यामुळे तो ताडून पाहता येतो. इंग्रजी 'नाइट'ला जर्मन आणि डच या दोन्ही भाषांत 'नाख़्त' म्हणतात. इंग्रजी 'डॉटर'ला जर्मनमध्ये 'टोख़्टर' आणि डचमध्ये 'दोख़्तर' म्हणतात, तर इंग्रजी 'एट'ला दोन्हीकडे 'आख़्त' म्हणतात. इंग्रजीत जेथे मूक जीएच दिसतो तेथे जर्मनमध्ये बहुधा उच्चारला जाणारा ख़ असतो, हे इतक्या नियमितपणे घडते, की जर्मन शिकणाऱ्याला त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो. स्कॉटलंडच्या पारंपरिक बोलीतही रात्रीला 'निख़्त' आणि तेजस्वीला 'ब्रिख़्त' असे म्हणतात.

आणखी मागे गेले, तर हे धागे संस्कृतपर्यंत पोहोचतात. रात्रीसाठी संस्कृतात 'नक्त' हा शब्द आहे आणि लॅटिनमध्ये 'नोक्त' हे अंग आहे. आठाला संस्कृतात 'अष्ट' आणि लॅटिनमध्ये 'ओक्टो' म्हणतात. या सगळ्या भाषांच्या मूळ भाषेतला 'क' इंग्रजी, जर्मन आणि डच यांच्या जर्मानिक शाखेत घासून 'ख़' किंवा 'ह' झाला, हा नियम याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ मध्ये इतर तशाच बदलांसह पद्धतशीर मांडला. म्हणजे 'नक्त'मधला क, 'नाख़्त'मधला ख़ आणि 'नाइट'मधला मूक जीएच हे एकाच ध्वनीच्या प्रवासातले तीन टप्पे आहेत, आणि इंग्रजी त्यातल्या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ध्वनी नाहीसा होण्यावर, पोहोचलेली आहे.

एकट्या एचच्या जागी दोन अक्षरांची जोडी कशी आली, याचे उत्तर राजकीय इतिहासात आहे. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर लेखनाची सूत्रे हळूहळू फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे गेली. फ्रेंचमध्ये एच हे अक्षर दुबळे होते, अनेक शब्दांत ते लिहिले जाई पण उच्चारले जात नसे, त्यामुळे इंग्रजीतला ठसठशीत ख़ दाखवायला ते त्यांना अपुरे वाटले असल्यास नवल नाही. पुढच्या दोनतीन शतकांत या ध्वनीसाठी जी आणि एच ही जोडी रूढ होत गेली. त्याच काळात 'योख़' नावाचे एक वेगळे अक्षरही याच कामासाठी वापरले जात होते, आणि त्याचा आकार बराचसा तीनच्या आकड्यासारखा होता. छपाई आल्यावर मुद्रकांच्या खिळ्यांत हे अक्षर नव्हते. स्कॉटलंडमधल्या मुद्रकांनी त्याच्या जागी दिसायला जवळचे म्हणून झेड वापरले, आणि म्हणूनच झेडने लिहिलेले 'मेन्झीज' हे स्कॉटिश आडनाव जुन्या वळणाची माणसे आजही 'मिंगिस' असे उच्चारतात. इंग्लंडमध्ये मात्र योख़ मागे पडले आणि जीएचची जोडी टिकली.

तेव्हा चौदाव्या शतकातल्या वाचकाला जीएच हे कोडे वाटत नव्हते. सरदार किंवा शूर योद्धा या अर्थाचा शब्द आज आपण 'नाइट' असा वाचतो आणि त्यातल्या के, जी आणि एच या तीन अक्षरांना निरुपयोगी समजतो. पण तो शब्द त्या काळी 'क्निख़्त' असाच उच्चारला जाई. जर्मनमधला 'क्नेख़्त' हा त्याचाच भाऊ. लेखन आणि उच्चार यांत तेव्हा फारकत नव्हती. बदलला तो उच्चार, आणि तोही नेमक्या अशा वेळी, की लेखनाला त्याच्यामागे जाता आले नाही.

पंधराव्या शतकापासून इंग्रजीतला ख़ दुबळा होऊ लागला आणि सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या प्रमाण बोलीतून तो जवळजवळ गेला. जाताना त्याने दोन वाटा घेतल्या, आणि जीएचच्या उच्चारांतला मुख्य भेद या दोन वाटांमुळे पडला आहे. पहिल्या वाटेत तो सरळ नाहीसा झाला, आणि जाताना शेजारचा स्वर लांब करून गेला. 'निख़्त'चा आधी 'नीत' झाला. याच सुमारास इंग्रजीतल्या सगळ्या दीर्घ स्वरांची जागा एकामागून एक सरकत होती. या दीर्घकाळ चाललेल्या घडामोडीला डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी पुढे महास्वरांतर अशा अर्थाचे नाव दिले. या सरकण्यात दीर्घ 'ई'चा 'आय' झाला आणि 'नीत'चा 'नाइट' झाला. 'लाइट', 'साइट', 'राइट', 'माइट', 'ब्राइट' हे शब्द याच मार्गाने आले.

दुसरी वाट अधिक चमत्कारिक वाटते, कारण तिच्यात ख़चा चक्क फ झाला. घशाजवळचा ध्वनी ओठांपर्यंत कसा आला, हा प्रश्न येथे पडतोच. याचे उत्तर ख़च्या आधीच्या स्वरात आहे. 'उ' आणि 'ओ' हे स्वर उच्चारताना ओठांचा चंबू होतो. अशा स्वरानंतर लगेच ख़ उच्चारला, तर ओठ चंबूच्याच अवस्थेत असतात आणि घासत जाणारी हवा त्या अरुंद तोंडातून बाहेर पडते. ऐकणाऱ्याच्या कानाला हा ओठांतून आलेला ख़ आणि फ यांत फार कमी अंतर वाटते. 'रूख़' ऐकून एखादे मूल 'रूफ' असे शिकले आणि तसेच बोलत मोठे झाले, की बदल पक्का झाला. खरखरीत या अर्थाचा 'रफ', 'टफ', 'इनफ', 'कॉफ' आणि जनावरांपुढच्या चारापाण्याच्या लांबट भांड्याचा 'ट्रॉफ' हे सगळे शब्द या वाटेने आले. हसण्याच्या 'लाफ'मध्येही जीएचच्या आधी एयू ही जोडी आहे, आणि तिचा जुना उच्चार 'आउ' असल्यामुळे तेथेही ओठ गोल होत होते.

हा बदल इंग्रजीपुरताच असता, तर तो योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण डच भाषेत हाच बदल उलट्या दिशेने झाला आहे. हवेला जर्मनमध्ये 'लुफ्ट' म्हणतात आणि डचमध्ये 'लुख़्त'. शक्तीला जर्मनमध्ये 'क्राफ्ट' आणि डचमध्ये 'क्राख़्त'. मऊ या अर्थी इंग्रजीत 'सॉफ्ट' आणि डचमध्ये 'झाख़्त'. म्हणजे फ आणि ख़ हे दोन ध्वनी कानाला एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की भाषा त्यांच्यात दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. 'इ' किंवा 'ए' उच्चारताना मात्र ओठ पसरलेले असतात, चंबू होत नाही. म्हणून या स्वरांनंतरच्या ख़चा फ कधीच झाला नाही. 'हाय', 'साय', 'वे', 'नेबर', 'एट' यांपैकी एकाही शब्दात फ ऐकू येत नाही, आणि येणारही नाही.

मग ओठ गोल करणारे स्वर असूनही 'बाउ' आणि नांगराचा 'प्लाउ' या शब्दांत फ का आला नाही, हा रास्त प्रश्न उरतो. जुन्या इंग्रजीत नामांना आणि विशेषणांना विभक्तिप्रत्यय लागत, आणि त्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपे प्रचारात असत. शब्द ख़ने संपत असला, तर तो ख़ कठोर राही आणि पुढे त्याचा फ होण्याची शक्यता असे. त्याच शब्दाला स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला, की दोन स्वरांमध्ये सापडलेला तो ध्वनी मऊ होऊन आधी 'ग़'सारखा आणि मग 'व'सारखा होई आणि शेवटी स्वरात मिसळून जाई. पुढे प्रत्यय गेले, पण कोणत्या शब्दाचे कोणते रूप टिकले हे ठिकठिकाणच्या बोलींवर अवलंबून राहिले. देशभरातून माणसे येऊन मिळणाऱ्या लंडनच्या बोलीने कोणता शब्द कोठून घेतला, याला एकच एक नियम नव्हता.

या म्हणण्याला पुरावा आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो. काही शब्दांची दोन्ही रूपे आजही टिकून आहेत. 'पुरेसे' या अर्थी 'इनफ' रूढ आहे, पण जुन्या कवितेत त्याच अर्थाचा 'इनाउ' भेटतो. पहिला प्रत्ययाविना रूपातून आला आणि दुसरा प्रत्यय लागलेल्या रूपातून. मळलेल्या पिठाला 'डो' म्हणतात, पण इंग्लंडच्या उत्तरेकडे त्याच शब्दाचा 'डफ' असा उच्चार झाला आणि एका उकडलेल्या गोड पदार्थाच्या नावात तो डबल एफने लिहिला जाऊन कायम झाला. 'थ्रू' आणि 'थरा' हे दोन शब्दही मुळात एकच आहेत. 'थुर्ख़'वर जोर देऊन बोलताना मध्ये एक जादा स्वर शिरला आणि त्याचे दोन अक्षरावयवांचे रूप वेगळ्या अर्थाने स्थिरावले. बुटक्या माणसाच्या 'ड्वॉर्फ' या शब्दाच्या शेवटीही पूर्वी ख़ होता. त्याचा फ झाला आणि तेथे मात्र लेखनानेही उच्चाराची साथ करून एफ स्वीकारला. सगळ्याच शब्दांना हे भाग्य लाभते, तर हा लेख लिहिण्याची गरज उरली नसती.

लाभले नाही, कारण मध्येच छापखाना आला. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. ख़ तेव्हा अनेकांच्या तोंडी होता, अनेकांच्या तोंडून गेला होता. पुढच्या दोनशे वर्षांत छापील पुस्तकांनी शब्दांची रूपे हळूहळू गोठवली आणि त्याच दोनशे वर्षांत उच्चार सर्वांत वेगाने बदलला. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर लेखन बहुतांशी आजच्या रूपात आले होते आणि ख़ला जाऊन बराच काळ लोटला होता.

आता हा इतिहास वाचताना कसा उपयोगी पडतो ते पाहू. जीएच शब्दाच्या आरंभी असेल, तर त्याचा उच्चार नेहमी 'ग' होतो. ख़शी त्याचा संबंध नसतो. जीएचच्या लगेच आधी आय असेल, तर जीएच मूक असतो, मग तो शब्द 'हाय' असो, 'वेट' असो, 'हाइट' असो की 'स्ट्रेट'. जीएचनंतर लगेच टी असेल, तरी जीएच मूक असतो, आणि या नियमाला लक्षात ठेवण्यासारखे अपवाद दोनच आहेत: हसण्याचा 'लाफ्टर' आणि वाऱ्याच्या झोताचा ब्रिटिश 'ड्राफ्ट'. ओयूजीएचनंतर टी आला, तर सगळ्याचा मिळून 'ऑट' असा उच्चार होतो: 'थॉट', 'बॉट', 'ब्रॉट', 'फॉट', 'सॉट', 'रॉट' आणि 'ऑट'. येथे दुष्काळाचा 'ड्राउट' हा ठळक अपवाद आहे. एयूजीएचटी या क्रमाचाही 'कॉट', 'टॉट', 'डॉटर', 'नॉटी' असा 'ऑट'च होतो.

एवढे बाजूला काढले, की खरोखर पाठ करावे लागतील असे शब्द उरतात ते ओयूजीएचने संपणारे. रोजच्या वापरातले असे मूळ शब्द मोजून चौदा भरतात. 'दो', 'ऑल्दो', 'डो' आणि रजेचा 'फर्लो' यांत 'ओ' आहे; 'रफ', 'टफ', 'इनफ' यांत 'अफ'; 'कॉफ' आणि 'ट्रॉफ' यांत 'ऑफ'; 'बाउ' आणि 'प्लाउ' यांत 'आउ'; 'थरा' आणि नगराचा 'बरा' यांत निसटता 'अ'; आणि 'थ्रू' एकटाच. ते एकाखाली एक लिहून उच्चारानुसार गट पाडले, तर हे काम एका बैठकीचे आहे. शब्दकोशात दोन वेगळ्या नोंदी असलेला 'स्लाउ' आणि 'स्लफ' हा जोड शब्द त्यात धरलेला नाही. लेखन तेच असले तरी दलदल या अर्थी तो 'स्लाउ' होतो आणि सापाने कात टाकणे या अर्थी 'स्लफ', आणि ते मुळातच दोन निराळे शब्द आहेत.

वाचणाऱ्याला आणखी एका गोष्टीने फसायला होते. जी आणि एच शेजारी दिसले, तरी ते दोन वेगळ्या पदांचे असू शकतात. 'बर्मिंगहॅम'मध्ये जी आधीच्या पदाचा आणि एच पुढच्या 'हॅम'चा आहे. धुक्यात इशारा देणाऱ्या 'फॉगहॉर्न'मध्येही तसेच आहे. अशा ठिकाणी जोडी मानायची नाही.

याउलट काही शब्दांत ख़ कधीच नव्हता आणि तरीही जीएच आहे. छापील रूपे पक्की होत असताना लिहिणाऱ्यांना सवय झाली होती, की 'आइट' असे ऐकू आले, की मध्ये जीएच घालायचा. आनंद या अर्थाचा 'डिलाइट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तेथे त्यात ना जी होता ना एच. सोळाव्या शतकात 'लाइट'च्या नादाने त्यात जीएच शिरला. गर्विष्ठ या अर्थाचा 'हॉटी' हा 'उंच' या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून बनला आणि 'कॉट', 'टॉट' यांच्या पंगतीत बसवला गेला. उचकीचा 'हिकप' आधी उच्चाराप्रमाणेच पीने लिहिला जात होता. सतराव्या शतकात उचकीचा खोकल्याशी संबंध असावा अशा समजुतीने कोणी तरी त्याच्या शेवटी 'कॉफ' लिहिला आणि उच्चार मात्र तसाच राहिला. रजेच्या 'फर्लो'ची गोष्ट याहून तिरकस आहे. तो डच 'फर्लॉफ'पासून आला, त्याच्या शेवटी खराखुरा फ होता, आणि इंग्रजांनी तो फ 'रफ'च्या धर्तीवर जीएचने लिहिला. मग लेखन पाहून वाचणाऱ्यांनी त्याला 'दो'च्या गटात ढकलले.

भुताच्या 'गोस्ट'मधला एच हा छापखान्याचा आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द साध्या जीने लिहिला जाई. कॅक्स्टन यांनी सुमारे तीस वर्षे आजच्या बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या प्रदेशात काढली होती, आणि फ्लेमिश भाषेत याच शब्दात जीनंतर एच लिहीत. तो एच इंग्रजी छपाईत उतरला, 'गोस्ट'मध्ये राहिला, आणि त्याच्या ओढीने 'भयानक' या अर्थाच्या 'गास्टली'मध्ये आणि 'भयचकित' या अर्थाच्या 'अगास्ट'मध्येही गेला. 'स्पगेटी' आणि 'गेटो' यांतला जीएच इटालियन आहे. त्या भाषेत इ किंवा ए या स्वरांआधी जीचा उच्चार 'ज' होतो, आणि तो 'ग' राहावा म्हणून मध्ये एच घालतात. 'घी', 'घाट', 'घडियाल' यांसारखे शब्द इंग्रजीत गेले तेव्हा हीच जोडी आपला महाप्राण घ दाखवण्यासाठी वापरली गेली, पण इंग्रजी बोलणारा तो 'ग'च उच्चारतो. आरंभीच्या जीएचचा नियम याने मोडत नाही, उलट पक्का होतो.

इंग्रजी लेखनाची थट्टा करताना जी, एच, ओ, टी आणि आय अशी पाच अक्षरे लिहून ती 'फिश' अशी वाचावीत, असे एक कोडे नेहमी सांगितले जाते: 'टफ'मधला जीएच, 'विमेन'मधला ओ आणि 'नेशन'मधला टीआय. त्याचे श्रेय बहुधा नाटककार बर्नार्ड शॉ यांना दिले जाते, पण शॉ यांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १८५५ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात ते आढळते. कोडे गमतीचे आहे, पण ते इंग्रजीबद्दल जे सिद्ध करू पाहते ते सिद्ध होत नाही. आरंभीचा जीएच कधीही फ होत नाही, शेवटी येणारा टीआय कधीही श होत नाही, आणि ओचा 'इ' केवळ 'विमेन' या एका शब्दात होतो. इंग्रजी वाचणाऱ्याला हे पाच अक्षरांचे सोंग प्रथम दिसले, तर तो ते 'गोटी' असेच वाचेल, आणि तसे वाचताना तो नकळत नियमच पाळत असेल.

जीएच काढून टाकण्याचे प्रयत्नही झाले आहेत. नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या कोशातून अमेरिकेत नांगराचा 'प्लाउ' डब्ल्यूने लिहिण्याला बळ मिळाले आणि ते रूप तेथे रुजले. १९०६ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून लेखन सुलभ करणारे एक मंडळ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या मंडळाची ३०० सुलभ रूपे सरकारी छपाईत वापरण्याचा हुकूम काढला. त्यांत जीएच गाळलेले 'दो' आणि 'थ्रू' होते. वर्तमानपत्रांनी टर उडवली, अमेरिकन प्रतिनिधिगृहाने विरोध केला आणि वर्ष संपण्याआधी हुकूम मागे घ्यावा लागला. 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाने १९३४ पासून अशी काही रूपे स्वतःहून वापरली आणि १९७५ मध्ये तो प्रयोग थांबवला.

या अपयशाचे एक कारण असे, की जीएच उच्चारात नसला, तरी डोळ्याला उपयोगी पडतो. 'वेट' हा उच्चार वजनाचाही आहे आणि थांबण्याचाही. 'राइट' बरोबर किंवा उजवा या अर्थी आहे, लिहिणे या अर्थी आहे आणि धार्मिक विधी या अर्थीही आहे. 'साइट' दृष्टीचा आहे, जागेचा आहे आणि दाखला देण्याचाही आहे. या प्रत्येक गटातला एक शब्द जीएचमुळे नजर पडताच ओळखू येतो. अनौपचारिक लेखनात आणि पाट्यांवर 'थ्रू', 'दो' आणि 'नाइट' आज जीएच गाळून सर्रास लिहिले जातात, पण पाठ्यपुस्तकांत, कायद्यांत आणि अर्जांत ती रूपे चालत नाहीत. 'लाइट'च्या बाबतीत तर वेगळेच घडले: जीएच गाळलेले त्याचे आखूड रूप कमी उष्मांकाच्या पदार्थांच्या वेष्टनांवर इतके रुळले, की त्याला 'सौम्य केलेला, सत्त्व कमी असलेला' असा स्वतंत्र अर्थ चिकटला, आणि आता ते उजेड या अर्थाच्या मूळ शब्दाच्या जागी वापरता येत नाही.